अपील केले, पण ताबा वाचेल काय?

प्रश्न : कराडातील आमच्या भाड्याच्या दुकानाचा ताबा देण्याचा हुकूमनामा दिवाणी न्यायालयाने केला आहे. जिल्हा न्यायालयात अपील दाखल केले. तरीही घरमालकांनी दरखास्त लावली. ती थांबेल काय?

उत्तर : अपील दाखल झाले म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी आपोआप थांबते, हा समज सर्वत्र रूढ असला, तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 41व्या आदेशातील 5व्या नियमाने तो स्पष्ट शब्दांत खोडून काढलेला आहे, यास्तव तहकुबीचा स्वतंत्र अर्ज, प्रतिज्ञापत्रासह, बेलिफ ताबा वॉरंट घेऊन दुकानाच्या फळीशी उभा राहण्यापूर्वीच अपिली न्यायालयापुढे आला पाहिजे. तहकुबीवाचून आपले भरीव नुकसान होईल, अर्जास गैरवाजवी विलंब झालेला नाही आणि हुकूमनाम्याच्या पूर्ततेसाठी आपण तारण दिले आहे, या तिन्ही गोष्टींविषयी न्यायालयाची खात्री पटावी लागते. ‘दुकान गेल्यास नुकसान होईल’ एवढे मोघम विधान पुरत नाही. उपजीविकेचे दुसरे साधन नसल्यास तसे लिहून हिशेबाच्या वह्या व परवाने जोडावेत.

जुन्या भाड्यातच तहकुबी मिळेल, अशी आशा मात्र धरू नये. आत्माराम प्रॉपर्टीज विरुद्ध फेडरल मोटर्स या 2004 सालच्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने हुकूमनाम्यानंतरच्या वहिवाटीबद्दल बाजारभावानुसार वाजवी मोबदला भरण्याची अट घालता येते, असे ठरविले, आणि मला ते न्याय्य वाटते. घरमालकांनी कॅव्हेट लावले असल्यास अर्जाची नक्कल त्यांना आधीच पोचवावी, आणि मागील भाड्याची बाकी आजच भरून पावती जपून ठेवावी.