बॅटरी हाताला कळते

पोरी, एसटी स्टँडसमोर तुझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान सुरू होतंय. आयटीआयमध्ये तू सर्किट शिकलीस, सोल्डरिंगला हात बसलाय, ते मी पुन्हा शिकवत नाही. पण काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकशील ती तक्रार एकच: ‘चार्जिंग टिकत नाही.’ तिथे मीटरइतकाच हात कामाला येतो. नोकियाच्या बीएल-५सी बॅटरीच्या जमान्यापासून बॅटऱ्या हाताळत आलोय. त्यातलं जे कामाचं आहे तेवढं सांगतो, पटेल ते गाठीला बांध.

आधी रोग ओळख

चार्जिंग टिकत नाही म्हणजे बॅटरीच गेली, असं धरून चालू नकोस. आधी टॉर्च मारून चार्जिंग जॅकमध्ये बघ. खिशातला कापूस दाबून दाबून आत घट्ट बसलेला असतो, मग पिन पुरती आत जातच नाही. फोन बंद कर, लाकडी टूथपिकने हळूच कोरून काढ. सुई किंवा पिन घालू नकोस. मग दुसरी केबल लावून बघ. त्यानंतर विचार, फोन दिवसभर कुठे असतो? डोंगराआडच्या वाडीत रेंज तुटक असते, तेव्हा फोन टॉवर गाठायला जास्त ताकद लावतो आणि खिशात पडल्यापडल्या बॅटरी खातो. तिथे नवी बॅटरी घातलीस तरी गिऱ्हाईक महिन्याने परत येणार.

मग खरी गेलेली बॅटरी कशी ओळखायची? पडद्यावर पंचवीस टक्के दिसताहेत, गिऱ्हाईक कॅमेरा उघडतो आणि फोन पटकन बंद पडतो. चार्जरला लावला की पुन्हा वीस-बावीस टक्के दाखवतो. म्हातारपणी सेलचा आतला रोध वाढतो, एकदम भार पडला की व्होल्टेज कोसळतं. हे दिसलं की बदल. आयफोनमध्ये आणि बऱ्याच नव्या अँड्रॉइडमध्ये सेटिंगमध्येच बॅटरीची तब्येत दिसते. ८० टक्क्यांच्या खाली गेली असेल तर गिऱ्हाइकाला तो आकडा दाखव, तुला जास्त बोलावं लागत नाही.

घेताना लेबल नंतर, वजन आधी

होलसेलवाला डबा पुढे सरकवेल: ‘ओरिजिनल आहे, एकदम कंपनीची.’ तू बॅटरी तळहातावर घे. त्याच मॉडेलची फोनमधून काढलेली खरी बॅटरी दुसऱ्या हातात धर. नवी हलकी लागली तर आत माल कमी आहे, लेबल काहीही म्हणो. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा दुकानात ठेव. पाच हजार एमएएचची चांगली बॅटरी साधारण ६५-७० ग्रॅम भरते. तेवढ्याच आकारात कुणी दीडपट एमएएच छापून देत असेल तर छपाईच दीडपट आहे, इतकंच समज.

दुसरी गोष्ट तारीख. बॅटरी न वापरतासुद्धा जुनी होते. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या मॉडेलची ‘नवी’ बॅटरी मिळाली की ती गोदामात किती वर्षं पडून होती ते आधी बघ. मल्टिमीटर लाव. पॅकिंगमधली बॅटरी अर्धवट भरलेली असते, म्हणून ३.७ ते ३.९ व्होल्ट दिसले तर ठीक. तीनच्या खाली असेल तर परत कर. पार उतरून तशीच पडून राहिलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळतं आणि पुढे आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. बूस्टरवर धक्का देऊन अशी बॅटरी उठते, फोनही चालू होतो. पण तसली बॅटरी विकायची नाही.

तिसरं, बीआयएसचा शिक्का. आपल्याकडे लिथियम बॅटरीवर आयएस १६०४६ आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकून बघ. नंबर कुणाच्या नावावर निघतो आणि डब्यावर कुणाचं नाव आहे, हे जुळलं पाहिजे.

आणि मोठ्या नावाला भुलून तपासणीत हात आखडता घेऊ नकोस. २००७ मध्ये नोकियाने ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्यांबद्दल इशारा दिला होता. २०१६ मध्ये सॅमसंगला नोट ७ हा फोनच बाजारातून मागे घ्यावा लागला. एका कारखान्याच्या बॅटरीत कोपरा दाबला जात होता, दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे कंगोरे राहिले होते. एवढ्यांच्या मालात खोट निघते, मग आपण तपासायला कंटाळायचं कशाला?

बसवताना

फोन उघडण्याआधी चार्जिंग पाव भागाच्या खाली येऊ दे, म्हणजे चुकून सेल दुखावलाच तर भडका लहान राहतो. आत गेल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढ, मग बाकी हात लाव. चिकटवलेली बॅटरी उचकटायला स्क्रूड्रायव्हर कधीच नाही. ओढपट्टी असेल तर ती सावकाश ओढ. नसेल तर कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-चार थेंब सोड, मिनिटभर थांब आणि प्लास्टिकचं कार्ड सरकव. काढताना वाकलेली बॅटरी पुन्हा बसवायची नाही, चालत असली तरी. नवी बसवल्यावर फोनचं झाकण जोर न लावता बसलं पाहिजे. दाबावं लागत असेल तर बॅटरी जाड आहे किंवा खाली जुना गम राहिलाय.

फुगलेली बॅटरी

बीएल-५सी असताना आम्ही काय करायचो सांगतो. बॅटरी काढायची, काउंटरच्या काचेवर आडवी ठेवायची आणि कोपऱ्यावर टिचकी मारायची. चांगली असेल तर घासत थांबायची. फुगलेली असेल तर पोटावर गरागरा फिरायची. गिऱ्हाईक स्वतःच म्हणायचं, ‘बदला राव.’ आता बॅटरी आत बंद असते, म्हणून फोन पालथा-सुलथा काचेवर ठेवून बघ. डुगडुगतोय का? फोल्डरची, म्हणजे पडद्याची, कड एका बाजूने उचललीय का? नखाने चाचपून बघ. हे दिसलं की चार्जिंग बंद. आत वायू झालेला असतो. टाचणी मारून हवा काढणारे कारागीर तू बघशील, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस.

काढलेल्या बॅटरीच्या टर्मिनलवर चिकटपट्टी लाव आणि ती पत्र्याच्या डब्यात ठेव. घंटागाडीत टाकायची नाही, भंगारवाल्याला द्यायची नाही. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. सर्व्हिस सेंटर किंवा ई-कचरा घेणारी अधिकृत संस्था गाठ आणि डबा भरला की पाठव.

गिऱ्हाइकाला काय सांगशील

‘नवी बॅटरी आठ तास चार्ज करायची, पूर्ण उतरल्याशिवाय लावायची नाही,’ असं अजून लोक सांगतात. ते निकेल-कॅडमियमच्या काळातलं. लिथियमला दोन्ही टोकं मानवत नाहीत. शून्यावर आणू नये, शंभरावर तासन् तास ठेवू नये. वीस ते ऐंशीच्या मध्ये राहिली तर जास्त वर्षं जाते. बऱ्याच फोनमध्ये ऐंशीला थांबायची सोय असते, ती तूच चालू करून दे. ऐंशीनंतर चार्जिंग मंदावतं म्हणून चार्जर बिघडला असं नाही. सेल भरत आला की फोन करंट मुद्दाम कमी करतो. मोठ्या वॅटचा चार्जर लावला तर फोन जळत नाही, तो झेपेल तेवढंच मागतो. पण चार्जर बीआयएसच्या शिक्क्याचा हवा आणि केबल धड हवी.

खरी वैरीण उष्णता. डिलिव्हरीच्या पोरांचे फोन बघ: बाइकच्या हँडलला उन्हात, नकाशा चालू, पडदा पूर्ण उजेडात आणि वरून चार्जिंग. वर्षभरात बॅटरी बसते. त्यांना सांग, गाडीवरच्या फोनला सावली करा आणि चार्जिंग जेवायला थांबाल तेव्हा करा. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवायचा नाही. उशीखाली चार्जिंग नाही. तापलेला फोन फ्रिजमध्येही नाही, आत दव धरतं. हाताला चटका लागला तर कव्हर काढा, चार्जर काढा, पंख्याखाली ठेवा.

कुणी परगावी जाताना फोन कपाटात ठेवणार असेल तर अर्धा भरून, बंद करून ठेवायला सांग. सहा महिन्यांनी एकदा बघायचा.

पॉवर बँकचं गणित

‘वीस हजारची घेतली, पाच हजारचा फोन चारदाही भरत नाही,’ हे भांडण तुझ्याकडे येईल. आतले सेल ३.७ व्होल्टचे, म्हणजे वीस हजार एमएएच म्हणजे ७४ वॅट-तास. बाहेर ५ व्होल्टने देताना त्याचे १४,८०० एमएएचच होतात, त्यातलं काही उष्णतेत जातं. फसवणूक नाही, हिशोब आहे. आखातात निघालेल्यांना मात्र आवर्जून सांग: विमानात १०० वॅट-तासांपर्यंतची चालते, तीही हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या बॅगेत नाही.

शेवटचं धंद्याचं. बॅटरी बसवताना तिच्यावर मार्करने तारीख लिही, बिलावर वॉरंटी लिही आणि काढलेली बॅटरी गिऱ्हाइकाला समोर दाखव. वर्षाने तोच फोन आला तर तारखेवरून बोलता येतं, आवाज चढवावा लागत नाही. आणि दुकान उघडायच्या दिवशी कोपऱ्यात वाळूची बादली भरून ठेव. नारळ त्यानंतर फोड.