एक वेबसाईट, अनेक हात : सीएमएस समजून घेऊया



आपल्यापैकी बरेच पालक शेतकरी उत्पादक कंपनीचे सभासद असतात. कंपनीची वेबसाईट करायची ठरली की ते काम संगणक येणाऱ्या एखाद्या मुलाकडे जातं आणि पासवर्डही त्याच्याकडेच राहतो. तो नोकरीला शहरात गेला की साईटवर मागच्या हंगामाचा भाव तसाच दिसत राहतो. तो भाव वाचून कुणी सोयाबीनची गाडी भरून आणली तर नुकसान शेतकऱ्याचंच. म्हणून वेबसाईट सगळ्यांनी मिळून कशी चालवायची, ते आज पाहू.

सीएमएस म्हणजे काय?

सीएमएस म्हणजे आशय व्यवस्थापन प्रणाली. साईटचा मजकूर आणि तिची रचना यात वेगवेगळी ठेवलेली असते. त्यामुळे कोडिंग न येणारा माणूसही लॉगिन करून मजकूर टाइप करू शकतो. वर्डप्रेस, जूमला, ड्रुपल ही त्याची उदाहरणं. वर्डप्रेस 2003 मध्ये आलं. ते मोफत आहे आणि त्याचा डॅशबोर्ड मराठीतही वापरता येतो. डोमेन आणि होस्टिंगचा खर्च मात्र वेगळा येतो.

कामांची वाटणी

शाळेचं हस्तलिखित आठवा. मुलं लिहितात, वर्गशिक्षक तपासतात, मुख्याध्यापक मान्यता देतात. वर्डप्रेसमध्येही अशीच पदं असतात :

1. कॉन्ट्रिब्युटर – लिहितो, पण प्रसिद्ध करू शकत नाही. लेख तपासणीसाठी पाठवतो.
2. ऑथर – स्वतःचं लेखन स्वतः प्रसिद्ध करतो, फोटोही चढवतो.
3. एडिटर – सगळ्यांचं लेखन तपासतो, सुधारतो, प्रसिद्ध करतो.
4. अॅडमिनिस्ट्रेटर – सेटिंग, प्लगिन आणि सदस्यांची खाती सांभाळतो.

सबस्क्रायबर हे पाचवं पद फक्त वाचकासाठी असतं.

आता कंपनीत पाहा. गोदामावरचा माणूस कॉन्ट्रिब्युटर. तो आजचा भाव लिहील. व्यवस्थापक एडिटर. तो आकडा पडताळून प्रसिद्ध करील. एक शून्य जास्त पडलं तरी ते वाचकापर्यंत जाण्याआधीच सापडेल. चुकून बदल झालाच, तर मजकुराच्या जुन्या प्रती रिव्हिजनमध्ये मिळतात.

हे नियम पाळा

• प्रत्येकाचं खातं वेगळं ठेवा. एकच पासवर्ड दहा जणांनी वापरला तर बदल कुणी केला ते कळत नाही.
• अॅडमिनिस्ट्रेटर दोन असावेत, पण दहा नकोत.
• डोमेन आणि होस्टिंग कंपनीच्या ईमेलवर नोंदवा, कुणाच्या खासगी ईमेलवर नको. नूतनीकरणाची तारीख कार्यालयात लिहून ठेवा.
• काम सोडून गेलेल्याचं खातं काढताना वर्डप्रेस विचारतं, याच्या लेखांचं काय करायचं? तेव्हा लेख दुसऱ्या सदस्याच्या नावावर करा. 'डिलीट' निवडलंत तर खात्यासोबत त्याचे लेखही जातील.
• बॅकअप नियमित घ्या आणि त्याची एक प्रत सर्व्हरबाहेर ठेवा.

साईट बनवायला चार दिवस पुरतात, ती पुढे वर्षानुवर्षं सांभाळावी लागते. म्हणून रंग आणि डिझाईन निवडण्याआधी एका कागदावर तीन रकाने आखा : कोण लिहिणार, कोण तपासणार, किल्ली कुणाकडे. हे रकाने भरले की मगच संगणक सुरू करा.