गिटारचा पहिला पाठ : आधी कान, मग बोटे

छत्रपती संभाजीनगर येथील क्रांती चौकात आम्ही एके दिवशी गाडीची वाट पाहत उभे होतो. जालना रस्त्यावरील त्या गर्दीत आमच्या ओळखीच्या एका खेड्यातील तरुण भेटला. त्याच्या पाठीवर गिटार होती. "सलाम, पाळकसाहेब," तो म्हणाला, "ही दुकानात परत द्यायला निघालो आहे. निम्मे पैसे मिळतील म्हणतात."

वडिलांनी कापसाच्या पैशांतून ती गिटार घेऊन दिली होती. तीन आठवडे त्याने मोबाईलवर पाहून अभ्यास केला. बोटांची कातडी सोलली. मग रविवारी मंडळीत भजनाला साथ करू लागला, तेव्हा गाणारे गोंधळले आणि एकेक करून थांबले. "मला संगीताचे अंगच नाही," असा निकाल त्याने स्वतःविरुद्ध देऊन टाकला होता.

आम्ही त्यास जवळच्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवले व गिटार बाहेर काढावयास सांगितले. तारा छेडताच पहिला दोष कळला. सहापैकी चार तारा सुरात नव्हत्या. दुसरा दोष भजनाची चाल विचारल्यावर कळला. त्या चालीत कोमल गंधार होता, आणि तो जी कॉर्ड धरीत होता तीत शुद्ध गंधार होता. मंडळी एक गंधार गात होती, गिटार दुसरा सांगत होती. मग गाणारे थांबतील नाही तर काय करतील? ह्यात त्याच्या बोटांचा काहीच अपराध नव्हता. त्यास जे सांगितले तेच आमच्या वाचकांपैकी नवशिक्या तरुणांसाठी येथे देत आहोत.

पहिली पायरी : तारा सुरात लावणे. गिटारला सहा तारा असतात. सर्वांत पातळ ती पहिली व सर्वांत जाड ती सहावी. आपल्या मंडळीत पेटी असतेच, म्हणून पेटीच्या भाषेत सांगतो. सहावी तार पांढरी तीन, पाचवी पांढरी सहा, चौथी पांढरी दोन, तिसरी पांढरी पाच, दुसरी पांढरी सात व पहिली पुन्हा पांढरी तीन. एकही काळी पट्टी नाही, हे ध्यानात ठेवण्यास किती सोपे आहे! खुंटी हळूहळू पिळावी. तार फार ताणली जात आहे असे वाटल्यास थांबावे व तोच स्वर खालच्या सप्तकात शोधावा, नाहीतर तार तुटेल. मोबाईलवरील ट्यूनर वापरण्यात कमीपणा नाही, परंतु त्यावर पाहण्यापूर्वी कानाने अंदाज करावा.

पुढे ताळा पाहावा. सहावी तार पाचव्या फ्रेटवर दाबली की मोकळ्या पाचव्या तारेचा स्वर निघतो. पाचवीवरून चौथी व चौथीवरून तिसरीही तशीच. तिसरीवरून दुसरी मिळवताना मात्र चौथा फ्रेट दाबावा, आणि दुसरीवरून पहिली मिळवताना पुन्हा पाचवा. पेटीवर काळ्या-पांढऱ्या मिळून बारा पट्ट्यांचे सप्तक होते, तसेच गिटारवर बारा फ्रेटांचे होते. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून तेथे मोकळ्या तारेचाच स्वर वरच्या सप्तकात ऐकू येतो.

दुसरी पायरी : तंबोऱ्याप्रमाणे साथ. नवशिक्याने लगेच कॉर्डमागे धावू नये. मोकळी पाचवी तार षड्ज मानली तर मोकळी सहावी तिचा खालचा पंचम होते. मंडळी पांढरी दोनमध्ये गात असेल तर चौथी तार षड्ज व पाचवी पंचम. डाव्या हाताने काहीही न दाबता ह्या दोन तारा ठेक्यात छेडीत राहावे. चालीत गंधार कोमल असो वा शुद्ध, बहुतेक भजनांशी ह्या साथीचे भांडण होत नाही. मंडळी काळी एकमध्ये गात असेल तर चौथ्या फ्रेटवर कॅपो लावावा, म्हणजे पाचवी तार काळी एक बोलू लागेल.

तिसरी पायरी : बोटे. आता डावा हात. तार फ्रेटच्या अगदी लगत मागे दाबावी. दोन फ्रेटांच्या मधोमध दाबल्यास जोर अधिक लागतो व स्वर खरखरतो. दहा मिनिटे सकाळी व दहा मिनिटे सायंकाळी पुरेत. एका दिवशी दोन तास बसून पुढे आठवडाभर हात न लावण्याने केवळ बोटे दुखतात. काही आठवड्यांत बोटांची टोके घट्ट होतात. तारा फ्रेटांपासून फार उंच असतील तर जाणत्या कारागिराकडून खाली करून घ्याव्या. नायलॉनच्या तारांच्या गिटारला पोलादी तारा कधीही लावू नयेत. त्यांच्या ताणाने वाद्य बिघडते.

पाचवी तार षड्ज धरल्यास ए, डी व ई ह्या तीन कॉर्ड प्रथम शिकाव्या. परंतु चालीत शुद्ध गंधार आहे अशी खात्री झाल्यावरच त्या भजनास लावाव्या.

कोणी म्हणेल, हे परदेशी वाद्य आपल्या चालींस शोभेल काय? पेटीही परदेशीच होती. तिचे स्वर ठरलेले, तिच्यात मींड निघत नाही, अशा तक्रारींमुळे १९४० साली आकाशवाणीने तिला बंदी केली, ती १९७१ साली उठली. तोपर्यंत खेड्यांतील भजनाने तिला सोडले नव्हते. गिटारच्या फ्रेटांची मर्यादाही तीच आहे. ती मर्यादा ओलांडण्यासाठी ब्रिजभूषण काब्रा ह्यांनी गिटार आडवी ठेवून, तारांवर धातूची कांडी सरकवून रागसंगीत वाजवले. १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' ह्या ध्वनिमुद्रिकेत ते ऐकावयास मिळते. ती वाट मोठ्या साधनेची आहे. नवशिक्याने एवढेच जाणावे की वाद्याने गाण्याच्या मागे चालावे. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) आपली गीते देशी चालींत रचली, ती गाणाऱ्यांच्या ओठी बसावीत म्हणून. ती चाल मोडून कॉर्ड बसवणे म्हणजे पायाच्या मापाने जोडा न करता जोड्याच्या मापाने पाय कापणे होय.

असो. त्या पायरीवर बसूनच आम्ही त्याच्या तारा मिळवल्या. आमची गाडी गेली. तो दुकानात न जाता गावी परतला. पुढे त्याच्या गावी घरगुती प्रार्थनासभेस आम्ही गेलो, तेव्हा तो एका कोपऱ्यात बसून केवळ दोन तारा छेडीत होता. कोणी त्याची वाहवा केली नाही, परंतु कोणी गावयाचे थांबलेही नाही. पहिल्या पाठाची परीक्षा एवढीच आहे.

ह्या आठवड्याचा अभ्यास

१. रोज वाजवण्यापूर्वी सहाही तारा उतरत्या क्रमाने तपासा.
२. आपली मंडळी कोणत्या पट्टीत गाते, हे पेटी वाजवणाऱ्यास विचारा.
३. तुम्हांस येणाऱ्या तीन भजनांत गंधार कोमल आहे की शुद्ध, हे पेटीवर शोधा.