पैसे कोणाच्या लॉगिनला अडकले?

संग्रामपूर तालुका, सातपुड्याचा पायथा. तिथल्या एका शेतमजुराच्या आईला क्षयरोग निघाला. तपासणी फुकट, गोळ्या फुकट. वर निक्षय पोषण योजनेचे पैसे खात्यात येतील, असं आशाताईंनी सांगितलं. २०१८ साली ही योजना सुरू झाली तेव्हा महिन्याला ५०० रुपये मिळत. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. सहा महिन्यांच्या उपचाराचे ६,०००, तीन-तीन हजारांच्या दोन हप्त्यांत. पहिला हप्ता निदान होताच द्यायचा, कारण गोळ्या सुरू झाल्या की घरात डाळ, अंडी, शेंगदाणे लागतात.

अडीच महिने झाले, खात्यात छदाम नाही.

तो उपकेंद्रात गेला, आरोग्य केंद्रात गेला, बँकेत गेला. "वरून येते ना बाप्पा ते, ऑनलाइन हाय," हेच उत्तर सगळीकडे. चार दिवसांची मजुरी बुडाली. राग निघाला तो आशाताईंवर. त्यांच्याशी कडाक्याचं भांडण झालं. पैसे सोडणं त्या बाईच्या हातात नव्हतंच, हे त्याला फार उशिरा कळलं.

कळलं ते तालुक्याच्या क्षयरोग पथकात. वरिष्ठ उपचार पर्यवेक्षकांनी, ज्यांना सगळे एसटीएस म्हणतात, आईचा निक्षय आयडी टाकून पोर्टल उघडलं. बँक खात्यासमोर 'रिजेक्ट'. मग त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला पासबुकाचा फोटो मोठा करून दाखवला. बँकेचा जांभळा शिक्का नेमका खाते क्रमांकावर बसला होता आणि शाईखाली ३ चा ८ दिसत होता.

"फोटो कोणं काढला?"

"म्याच."

या कामात कोण काय करतं, हे तेव्हा त्यानं पहिल्यांदा नीट समजून घेतलं. आशा कागद गोळा करते. क्षयरोग पथक नोंद करतं. पीएफएमएस ही केंद्राची यंत्रणा खातं बँकेकडून पडताळून घेते. त्यानंतर लाभाची नोंद 'मेकर' तयार करतो, 'चेकर' तपासतो, 'अप्रूव्हर' मंजूर करतो. मधला एक जरी थांबला, तरी पैसे तिथेच थांबतात. म्हणून "पैसे कधी येतील?" याऐवजी "कोणाच्या लॉगिनला अडकलंय?" असं विचारलं, की निदान पुढच्या माणसाला स्क्रीन उघडावी लागते.

ई-संजीवनी या दूरवैद्यकीय सल्ल्याच्या सरकारी सेवेतही कामं अशीच वाटलेली. उपकेंद्रातून समुदाय आरोग्य अधिकारी व्हिडिओ कॉल लावतात, दूरचे डॉक्टर औषध लिहून देतात. ती गोळी उपकेंद्राच्या कपाटात नसेल तर डॉक्टरांना पुन्हा फोन लावून उपयोग नाही; साठा आरोग्य केंद्रातून मागवावा लागतो.

निक्षयसाठी तो आता इतरांना मोजक्याच गोष्टी सांगतो. निदान झालं की निक्षय आयडी लिहून घ्या. खातं चालू आहे का, केवायसी झालीय का, ते आधी बँकेत बघा. नोंद झाल्यावर पंधरवड्यात एकदा खातं पडताळलं गेलं का, एवढंच विचारा. गावात दाद लागली नाही तर १८००-११-६६६६ हा क्षयरोगाचा टोल फ्री क्रमांक आहे.

आकडा दुरुस्त झाल्यावर आईचे तीन हजार जमा झाले. आशाताईंकडे जाऊन तो माफी मागून आला. हल्ली गावात कोणाला हा आजार निघाला की तो आधी पासबुक मागतो, दारात उजेडाला धरतो आणि शिक्क्याखालचा एकेक आकडा मोठ्यानं वाचतो.