सुरुंगाचा माग

युद्ध संपते, सैन्ये आपापल्या देशी परततात. परंतु जमिनीत पुरलेले सुरुंग तेथेच राहतात. वर्षानुवर्षे ते मातीखाली दडून असतात आणि एखाद्या दिवशी नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याचा किंवा गुरे वळणाऱ्या मुलाचा पाय त्यांवर पडतो. धातुशोधक यंत्राने त्यांचा शोध घ्यावा, तर अनेक सुरुंगांचे कवच प्लॅस्टिकचे. त्यांत धातू नाममात्रच. उलट एखादा गंजका खिळा सापडला तरी यंत्र ओरडते आणि त्या खिळ्यासाठीही माती जपून उकरावी लागते.

कुत्र्याला मात्र सुरुंगातील स्फोटकाचा वास येतो. त्याच्या नाकाचे नवल वाटावे असाच हा वास सूक्ष्म असतो. बंद डब्यात टीएनटी हे स्फोटक ठेवले, तरी हवेच्या एक अब्ज रेणूंमागे त्याचे जेमतेम पाच-दहा रेणू आढळतात. मातीवरच्या मोकळ्या हवेत तर त्याहूनही कितीतरी कमी! पण कुत्रे दमते, उन्हाने हैराण होते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ टिमथी स्वॅगर व त्यांचे सहकारी यांनी १९९८ साली या कामी एक सेंद्रिय पदार्थ पुढे आणला. लहान रेणू कड्यांप्रमाणे जोडून त्याच्या लांब साखळ्या बनतात. अशा पदार्थास बहुवारिक म्हणतात. काचेवर त्याचा अतिशय पातळ थर देऊन त्यावर योग्य प्रकाश टाकला की तो स्वतः चमकू लागतो. टीएनटीचा रेणू इलेक्ट्रॉनांचा मोठा हावरा. तो साखळीला कोठेही चिकटला, की इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि चमक मावळते. एकाच कड्याची नव्हे! प्रकाशाने मिळालेली ऊर्जा साखळीवरून फिरत असते; वाटेत टीएनटीची गाठ पडली की ती तेथेच हरपते. दिवाळीतील माळेचा एक दिवा गेला की सारी माळ विझते, तसाच काहीसा हा प्रकार होय.

यातही एक अडचण होती. साखळ्या एकमेकींस बिलगल्या, तर चमक मंदावते व टीएनटीला आत शिरावयास वाट उरत नाही. म्हणून साखळीला बाजूंनी ताठ, आडदांड फाटे जोडले. त्यांमुळे साखळ्या दूर राहिल्या आणि मधल्या पोकळ्यांत टीएनटीला शिरकाव मिळाला.

या पदार्थावर चालणाऱ्या उपकरणास ‘फिडो’ असे नाव मिळाले. आपल्याकडे मोत्या, तसे तिकडे हे कुत्र्याचे नाव! इराकमधील युद्धात ते यंत्रमानवावर बसवून संशयित वस्तूंच्या तपासणीस वापरले गेले.

शेतातील सुरुंगांची गोष्ट अधिक बिकट आहे. पाऊस, ऊन व मातीचा पोत यांनुसार वास सरकतो. तो जेथे लागेल तेथेच सुरुंग असेल असे नाही. त्यामुळे आजही तेथे कुत्री, धातुशोधक यंत्रे आणि गुडघे टेकून सळईने माती चाचपणारी माणसे काम करीत असतात.