अनिकेत : हॉस्टेलची यादी आणि गीतेतला एक शब्द



आजचं चिंतन गीतेच्या बाराव्या अध्यायातल्या एकोणिसाव्या श्लोकावर, आणि त्यातही एकाच शब्दावर. अनिकेत. मुलाचं नाव म्हणून हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की अर्थाकडे लक्षच जात नाही. निकेत म्हणजे राहण्याची जागा. ज्याला स्वतःची अशी जागा नाही, तो अनिकेत. भगवंत अर्जुनाला आवडत्या भक्ताची लक्षणं सांगतायत आणि त्यात हे एक.

खुलताबादच्या माझ्या मावसबहिणीला मात्र सध्या हा शब्द फारसा आवडणार नाही. डिप्लोमा करून ती इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला लागली, कॉलेज छत्रपती संभाजीनगरात. वर्गातले ग्रुप पहिल्या वर्षीच जमलेले, आणि हॉस्टेलच्या खोल्याही त्यांनीच भरलेल्या. थेट दुसऱ्या वर्षाचे प्रवेश उशिरा होतात, तोवर खाटा संपतात. त्यात घर पंचवीसेक किलोमीटरवर, म्हणजे "तुम्ही तर जवळचेच!" जवळचे खरे, पण प्रॅक्टिकल संपतं सहाला, मग बसस्टँड, मग बस, मग अंधारातलं चालणं. काका म्हणालेत, "दिवाळीपर्यंत बघू, नाही जमलं तर पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी म्हणजे काय, ते तिला बरोबर कळतंय.

अशा वेळी घरातलं कुणीतरी मोठं माणूस हमखास म्हणतं, "देवावर सोड गं, भक्ताला कसलं आलंय घर?" मला हे पटत नाही. श्लोक नीट वाचा. त्यात निंदा आणि स्तुती सारखी मानणं आहे, जे मिळेल त्यात समाधान आहे, आणि अनिकेतच्या अगदी शेजारी शब्द आहे स्थिरमति, म्हणजे बुद्धी न डळमळणारा. हे दोन शब्द जोडीनं आलेत. जागा नसली तरी बुद्धी जागेवर आहे, असा तो माणूस. त्यानं खोली शोधूच नये, असं यात कुठंही नाही.

म्हणून आधी शोधा. महाराष्ट्र सरकारच्या काही योजना नेमक्या याच अडचणीसाठी आहेत. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम्, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. अटी वेगवेगळ्या आहेत, त्या समाजकल्याण कार्यालयात किंवा कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर विचारा. कॉट बेसिसवर खोली घेतलीत तर भाडेकरार कागदावर करून घ्या. घरमालक काकू कितीही प्रेमळ असल्या तरी! आणि हॉस्टेलच्या वेटिंग लिस्टवरचं नाव काढू नका, सहामाहीनंतर कुणी ना कुणी खोली सोडतंच.

आता ज्ञानेश्वर महाराजांकडे येऊ. या शब्दावर ते वाऱ्याचा दाखला देतात. वाऱ्याचं एका ठिकाणी बिऱ्हाड नसतं, तसा हा भक्त कुठल्या एका आसऱ्याला धरून बसत नाही. (ज्ञानेश्वरीत शब्द 'बिढार' आहे, आपलं बिऱ्हाडच ते. सातशे वर्षांपूर्वीही भाड्याच्या खोलीची भाषा बघा!) पण लगेच पुढे ते वाऱ्याला बेघर ठेवत नाहीत. वारा सगळ्या आकाशात राहतो, तसं या भक्ताला सगळं जगच विसाव्याचं ठिकाण. हे सांगणारा कोण? ज्याच्या घराला आळंदीत वाळीत टाकलं होतं, तो मुलगा. आणि सांगितलं कुठे? आळंदीला नाहीच. 1290 मध्ये, नेवाशात, परगावी. म्हणून मला या ओव्या कोरडा उपदेश वाटत नाहीत.

मावसबहिणीची बस रोज दोनदा दौलताबादच्या किल्ल्याखालून जाते. तिथंच देवगिरीवर जनार्दनस्वामी किल्लेदार होते. पैठणचा एकनाथ नावाचा पोरगा त्यांच्याकडे शिकायला आला तो अगदी लहान वयात, आजी-आजोबांना न सांगता, असं चरित्रं सांगतात. (तेवढं मात्र करू नका. घरी फोन करा.) त्याची तिथं राहायची सोय आधीपासून कुणी करून ठेवली नव्हती. गुरूच्या घरी राहून तो पडेल ते काम करायला लागला, आणि पुढे हिशेबाच्या वह्या त्याच्याकडे आल्या.

एका पैची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. हिशेबात एक पै जुळेना, म्हणून नाथ रात्रभर वह्या तपासत बसले. चूक सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, हीच एकाग्रता परमार्थात लाव. कीर्तनात सगळा भर या शेवटच्या वाक्यावर असतो. मला त्याच्या आधीचा भाग जास्त आवडतो. परक्या गावात, रात्री, दिव्यापाशी एक मुलगा बसलाय आणि त्याला आपण कुठं आहोत याचंही भान नाही. स्थिरमति याहून वेगळं काय असेल?

पुढे स्वामींनी त्यांना तपाला पाठवलं ते शूलिभंजनच्या डोंगरावर. तो खुलताबादच्या अगदी शेजारी. आमच्याकडे भद्रा मारुतीच्या दर्शनाला येणारे बरेच जण तिथल्या दत्तमंदिरात न जाताच परततात. (आमचा मारुती निवांत पहुडलेला आहे, त्याला तरी खाटेची चिंता नाही.) मावसबहिणीला म्हटलं, रविवारी वर जाऊन ये. ती म्हणाली, "रविवारी खोली बघायला जायचंय." बरोबर आहे. आधी खोली.

बसमध्ये ती अर्धा तास मोबाइल पिशवीत ठेवून गणितं सोडवते. उभं राहावं लागलं तर हरिपाठ ऐकते.

नाथ शेवटी पैठणला परत गेले, संसार केला. आणि 1584 मध्ये, नकला होत होत ज्ञानेश्वरीत शिरलेली चुकीची अक्षरं शोधून त्यांनी शुद्ध प्रत तयार केली. एक पै शोधणारी तीच नजर. आज आपण अनिकेत शब्दावरच्या ज्या ओव्या वाचल्या, त्याही त्यांच्या हाताखालून गेलेल्या आहेत.

उद्या विसावा श्लोक, या अध्यायाचा शेवटचा. राम कृष्ण हरी.