लहान रोपांचे छायाचित्र

पावसाळा सरता सरता पुण्याजवळच्या सिंहगडाच्या उतारांवर सोनकी फुलते. तिच्या प्रत्येक पिवळ्या फुलात अनेक चिमुकली फुले दाटीने बसलेली असतात. ती पाहण्यासाठी फूल खुडण्याचे कारण नाही. डिजिटल कॅमेरा पुरेसा आहे.

पुष्कळ कॅमेऱ्यांवर फुलाचे चिन्ह असते. ते निवडले की जवळची वस्तू स्पष्ट उमटते. रोपाच्या उंचीइतके खाली वाकावे, कोपरे जमिनीला टेकवावीत आणि वारा थांबेपर्यंत धीर धरावा. इतक्या जवळून किंचित हालचालीनेही चित्र पुसट होते.

मात्र मुलांनो, गुडघा टेकण्यापूर्वी खाली पाहा. एका फुलाच्या चित्रासाठी दहा रोपे चिरडली गेली, तर त्या चित्राची किंमत काय? आपण तेथे येऊन गेल्याची खूणही मागे राहू नये.